रंग वाळेपर्यंत

वेलांटीबाईला तिची चूक दाखवायची म्हणजे चालत्या पंख्यात बोट घालायचं. बाजारपेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं खरं नाव बँकेच्या पुस्तकात तेवढं उरलेलं. चपलावाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळे तिला वेलांटीबाईच म्हणायचे. रस्त्यानं जाताना एखाद्या पाटीवर 'मिळेल'चं 'मीळेल' झालेलं दिसलं की ती जागच्या जागी थांबायची, दुकानात शिरायची आणि भर गिऱ्हाइकांत मालकाला विचारायची, "ही दुसरी वेलांटी कुणी दिली तुम्हाला? परत करा ज्याची त्याला." मालक हसला तर ठीक. चिडला तर त्याहून ठीक, कारण भांडायला तिला मुहूर्त लागत नसे.

धंदा बोर्ड रंगवण्याचा. गल्लीच्या तोंडाशी एक लांबट खोली, अर्धी राहायला, अर्धी कामाला. कामाच्या बाजूला भिंतीशी पत्रे टेकवलेले, डब्यांची झाकणं रंगानं चिकटून कायमची तिरकी झालेली, आणि टर्पेंटाइनचा वास असा मुरलेला की आल्यागेल्याचं डोकं धरायचं; बाईला मात्र बाहेर पडल्यावर काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटायचं. मोठा बोर्ड खोलीतून बाहेर काढायचा तर आधी पलंग उभा करावा लागे. बत्तीस वर्षं पलंग उभा-आडवा करण्यात गेली, पण दारातून बाहेर पडलेल्या एकाही बोर्डाला कुणी नाव ठेवलं नाही. "माझ्या बोर्डावर पाखरू घाण करील," ती म्हणायची, "पण चूक बसणार नाही."

हा ताठा तिचा एकटीचा नव्हता, अर्धा नवऱ्यामुळं आलेला होता. नवऱ्याला सगळे पेंटर म्हणत. पेंटरचा हात सोन्याचा आणि शुद्धलेखन मातीचं. तो अक्षरं लिहीत नसे, काढत असे; माणसाचं नाक काढावं, कान काढावा तसा. 'दूध' काय नि 'दुध' काय, त्याला दोन्ही सारखंच पांढरं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं एका लॉन्ड्रीच्या बोर्डावर 'स्वछ' वाचलं आणि आपण या घरात नवीन आहोत हे विसरून म्हणाली, "अहो, यातला च कुणी पळवला?" पेंटरनं बोर्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, ब्रश खाली ठेवला. म्हणाला, "तू सांगत जा, मी काढत जातो." एवढ्या एका करारावर संसार उभा राहिला.

पुढं एका उन्हाळ्यात तिला स्वतःच्या हातात ब्रश हवासा वाटला. रंग आणि पत्रा वाया घालवून शिकायची ऐपत नव्हती. म्हणून पेंटर तिला उतारावर घेऊन गेला.

उतार म्हणजे पंपघराच्या मागून तळ्यापर्यंत घरंगळत गेलेली मोकळी जमीन. वर एक मोठं झाड, खाली चपटा काळा कातळ, अर्धा पाण्यात नि अर्धा बाहेर. दुपारी चारच्या सुमाराला तो कातळ तव्यासारखा तापलेला असे. पेंटर जुना चपटा ब्रश तळ्यात बुडवायचा आणि दगडावर पाण्यानं अक्षर काढायचा. काळ्यावर ओलं अक्षर चमकायचं आणि बघता बघता उडून जायचं. "हात उचल," तो म्हणायचा, "ऊन पाटी पुसतंय." शब्दाचं शेवटचं अक्षर येईतो पहिलं गेलेलं असे. ती अख्खी बाराखडी तिथं शिकली, आणि एक अक्षर मागं उरलं नाही.

थंडी सरली, झाडाला तांबूस कोवळी पानं फुटली की गल्ल्यागल्ल्यांतून माणसं उतारावर यायची. कुणी बोलावलेलं नसे, कुणी तिकीट लावलेलं नसे. चपटे दगड पाण्यावरून टप्पे घेत पळवायचे. पेंटरचे सात टप्पे, वेलांटीबाईचे तीन, आणि पेंटरच्या धाकट्या बहिणीचा दगड थेट तळाला. "माझ्यावर गेलाय," ती म्हणायची, "एकदा बसला की उठत नाही." वारा सुटला की जुन्या वर्तमानपत्रांचे पतंग. ऊन वाढलं की गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि बारक्या माशांना पाय कुरतडू द्यायचे. नाहीतर पाठीवर पडून पक्ष्यांचे आवाज ऐकायचे आणि ते बाजारातल्या माणसांना वाटून टाकायचे: हा बघ औषधवाला खोकला, हा चपलावाला हातोडी मारतोय. थर्मासमधला चहा, मीठ लावलेली काकडी. ज्यांच्याकडं आहे त्यांना उन्हाळा आला की डोंगर लागतात, थंड खोल्या लागतात, पोहायला निळ्या फरशीची टाकी लागते. इथं अर्ध्या गावाचा उन्हाळा एका उतारावर निघायचा, आणि सगळे घरी जाताना उगीच कुणावर तरी खूश असायचे.

पेंटर नेहमी दोन पावलं पुढं चालायचा. जागा निवडायचा, हातानं खडे बाजूला सारायचा, बसायचा, शेजारच्या गवतावर तळहात आपटायचा आणि म्हणायचा, "ये." एवढंच. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारणं त्याला कधी जमलं नाही. त्याची सगळी हाक त्या एका अक्षरात होती.

दोन वर्षांपूर्वी थंडीत पेंटर गेला. छातीत कफ झाला, चौथ्या दिवशी संपलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं उताराकडं पाऊल टाकलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पंपघरापर्यंत गेली, वरून पाहिलं. माणसं बसली होती, पतंग होते, सगळं जसंच्या तसं. ती बराच वेळ उभी राहिली आणि परत आली. बसायचं कुठं, हे आजवर तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

या वर्षी झाडाला पानं फुटली तेव्हा नणंद दारात येऊन उभी राहिली. ही तीच, थेट बुडणाऱ्या दगडाची. पलीकडच्याच खोलीत राहायची आणि इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायची. वाफेनं चेहरा कायम नुकताच धुतल्यासारखा.

"वहिनी, पानं आली. जायचं ना?"

"बघू."

"गेल्या वर्षीचं बघू की खरंखुरं बघू?"

"वन्सं, या वर्षी जाणार. अख्खा उन्हाळा, रोज." वेलांटीबाई ब्रश पुसत होती, पुसतच राहिली. "मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय हो. चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज ओढून आणावा लागतो, आणि ओढून आणला की तो माझाच निघतो. तिथं जाऊन बसले तर येईल आपोआप, असं वाटतं."

नणंदेच्या तोंडात एरवी टोमणा तयार असे. त्या दिवशी नव्हता. ती म्हणाली, "मग रविवारपासूनच जाऊ."

रविवार उजाडायच्या आत, शुक्रवारी, नगर कार्यालयाचा सुपरवायझर आला. काखेत फाइल, कपाळाला घाम, पायात धूळ न लागलेले बूट.

"बाई, आठ बोर्ड हवेत. पांढऱ्यावर लाल. मजकूर हा."

तिनं कागद वाचला. येथे बसू नये. गवतावर चालू नये. पाण्यात उतरू नये. येथे खेळू नये. दगड फेकू नये. पतंग उडवू नये. खाली अजून दोन 'नये' होते.

"कुठं लावायचेत?"

"पंपघरामागचा उतार. सुशोभीकरण झालंय तिथं. नवीन गवत लावलंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बघायला."

"आणि बसायला?"

"बसायला मुख्य रस्त्याला बाक होणार आहेत. पुढच्या टप्प्यात."

सुशोभीकरण! काय शब्द काढलाय. जिथं माणूस फुकटात सुखानं बसतो, ती जागा हेरायची, तिला हिरवा रंग फासायचा आणि माणसाला सांगायचं की तू मधे आलास की शोभा जाते. पुढचा टप्पा तर कुणाच्या बापानं पाहिलेला नाही.

"आणि मी नाही केले बोर्ड तर?" वेलांटीबाईनं विचारलं.

"मग छापून आणू. मशीन दिवसात देतं. हा बघा नमुना." त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर चकचकीत अक्षरांत लिहिलं होतं: पाण्यात ऊतरु नये.

बाईच्या कानशिलाची शीर उडायला लागली. उ दीर्घ, रू ऱ्हस्व. जिथं दीर्घ तिथं ऱ्हस्व आणि जिथं ऱ्हस्व तिथं दीर्घ, म्हणजे एखाद्यानं ठरवून चुकायचं म्हटलं तरी इतकं जमायचं नाही. आणि हे लागणार होतं उतारावर, पेंटर बसायचा त्याच्या डोक्यावर.

"तो कागद ठेवा इथं," ती म्हणाली. "आणि तो फोन माझ्या डोळ्यांपुढून न्या."

संध्याकाळी नणंदेला कळलं तेव्हा ती बसलेली उठली. "वहिनी, आपल्या बुडाखालची जागा आपल्याच हातानं रंगवून काढून द्यायची?"

"मी नाही केलं तर ते मशीन करील. वन्सं, तुम्ही पाहिलं नाहीत ते. तसला बोर्ड तिथं लागला तर मला लांबूनसुद्धा तिकडं बघवणार नाही."

"अच्छा. म्हणजे हाकलून घ्यायचंय, पण शुद्ध मराठीत."

बाई पलंग उभा करायला उठली.

रविवार धरून आठवडाभर ती बोर्डांवर होती. पत्रा घासायचा, अस्तराचा हात द्यायचा, वर पांढऱ्याचे दोन हात. मग खडूत घोळवलेली सुतळी ताणून टपकन सोडायची की सरळ रेघ उमटते. अक्षरं त्या रेघेला लोंबकळत काढायची, आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ एका दमात, श्वास रोखून ओढायची. ती ओढली की शब्द बंद झाला. मग पेंटरचा नियम: बोर्ड उलटा वाच. उजवीकडून एकेक अक्षर. सरळ वाचताना डोळा आपल्या मनातलं वाचतो, उलटं वाचताना पत्र्यावरचं.

सात बोर्ड तिनं उलटे वाचले. आठवा सगळ्यात मोठा, झाडाखाली लावायचा: येथे बसू नये. तो करायला घेतला त्या दुपारी खिडकीतून कोमट वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला कुठल्यातरी नव्या पानांचा कच्चा वास होता. 'येथे' काढलं. 'बसू' काढलं. डोळ्यांना पाणी आलं. टर्पेंटाइन झोंबलं असेल, असं तिनं स्वतःलाच सांगितलं आणि हात तसाच चालू ठेवला. अक्षरं छान ऐसपैस बसली. वरची रेघ ओढली. बोर्ड उलटा वाचायचा राहिला. ब्रश डब्यात टाकून ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाची गाडी येऊन आठही पत्रे घेऊन गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नणंद कामावरून आली ती धावतच.

"वहिनी, चला उतारावर!"

"मला नाही बघायचे ते बोर्ड."

"अहो, तुमचा बोर्ड लोकांना बोलावतोय!"

"वन्सं, डोक्यात वाफ गेलीय का तुमच्या?"

"'येथे बसू ये.' स्वच्छ लिहिलंय. तुमच्या हातानं, लाल रंगात. बसू, ये! माणसं बसलीत तिथं. मीसुद्धा पाव तास बसून आले, बोर्डाचा मान ठेवायला."

"कुणीतरी 'न' पुसला असेल."

"पुसला असेल तर फार सुबक पुसलाय."

वेलांटीबाई चपला घालून तशीच निघाली. पंपघर ओलांडलं आणि तिला तो लांबूनच दिसला. पांढराशुभ्र पत्रा, मधोमध लाल अक्षरं, कुठं खाडाखोड नाही, कुठं डाग नाही. पुसायला 'न' होताच कुठं? अक्षरांमधलं अंतर इतकं नेटकं की 'न' नसल्याचं पत्र्यालाही कळलं नव्हतं.

आधी कान तापले, मग मान, मग तोंड. बत्तीस वर्षं. आणि चूक कुठं झाली तर भर चौकात करावी तशी, हातभर अक्षरांत.

खाली माणसं बसली होती. औषधवाला बूट काढून, पायमोजे बुटांत कोंबून बसला होता. इस्पितळातल्या दोन आया ड्युटी संपवून पाय लांब करून पडल्या होत्या. चपलावाला म्हातारा तिला बघून ओरडला, "बाई, राहू द्या हो तसाच! तुमच्या जन्मातली सगळ्यात चांगली चूक आहे ही!"

लोक हसले. बाईला ते हसणं चटका बसल्यासारखं लागलं. पण मान वळवता वळवता तिची नजर पुन्हा बोर्डावर गेली, त्या शेवटच्या अक्षरावर, आणि आपला हात तिथं काय लिहून बसला होता हे तिला उमगलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, आणि तेवढ्यात सुपरवायझर आला.

"हा काय चावटपणा आहे, बाई? वरून फोन आलाय मला!"

'चूक झाली' हे दोन शब्द तिच्या घशातून निघेनात. "दुरुस्त करते," ती म्हणाली.

"आज."

"आजच."

ती घरी जाऊन डबे, ब्रश, हाताखाली टेकायची काठी घेऊन परत आली. नणंदेनं शिडीचं दुसरं टोक धरलं. एक वॉचमन कार्यालयानं तिथं नवाच नेमला होता, साठीचा, ढगळ गणवेशातला. गळ्यात शिट्टी. बसणाऱ्यांना उठवायचं काम त्याचं. पण बोर्डच बसा म्हणतोय म्हटल्यावर गेले तीन दिवस त्यानं शिट्टी नुसती पुसून चकचकीत केली होती.

"'न' घुसवायला किती वेळ लागेल?" सुपरवायझरनं विचारलं.

"'न' घुसवायला जागा कुठंय? 'ये' पूर्ण घालवावा लागेल. वर पांढरा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दोन्ही अक्षरं नव्यानं बसवायची."

"वाळायला?"

"पातळ हात दिला तर या उन्हात तास."

सुपरवायझरनं घड्याळ पाहिलं, वॉचमनला म्हणाला, "तासाभरानं फोन करतो. वाळला की बाईंकडून पुरं करून घे आणि सगळ्यांना उठव," आणि बूट झटकत निघून गेला.

वेलांटीबाई शिडीवर चढली. ब्रश पांढऱ्यात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला. पांढरा फासायच्या आधी हात क्षणभर अडला. मग तिनं ते अक्षर झाकून टाकलं, दोन सपकाऱ्यांत, वरच्या रेघेसकट.

खाली उतरली तेव्हा वॉचमन मान वर करून एकेक अक्षर जुळवत होता. "ये-थे ब-सू. येथे बसू." तो घोटाळला. "बाई, आता हे काय झालं?"

"अर्धवट आहे ते."

"अर्धवट कुठंय? मला तर पुरं वाटतंय."

आया हसल्या. औषधवाला म्हणाला, "आधी नुसतं बोलावत होता, आता स्वतःच बसायला आलाय आपल्यात." आणि वेलांटीबाईलाही हसू आलं, ते लपवायला तिला कुठंतरी बसावंच लागलं.

कुठं, हा प्रश्न होताच. ती दहा पावलं खाली गेली, दोन वर आली. नणंद लांबून बघत होती. शेवटी बाईनं झाडाच्या सावलीची कड जिथं संपत होती ती जागा धरली, हातानं खडे बाजूला सारले आणि बसली. नवीन गवत टोचत होतं. त्याला अजून पोत्याचा वास होता. पण त्याच्या खालची जमीन जुनीच होती. कमरेखाली तोच कल, शरीराला पाठ असलेला, त्यानं आपोआप पाय लांब झाले.

तळ्यावरून वारा आला. पाण्यावर ऊन भांड्यासारखं खणखणत होतं. नणंदेनं एक दगड उचलला, नेम धरला, फेकला. डुबुक. "दोन वर्षांत काही सुधारणा नाही," ती म्हणाली. वॉचमननं 'दगड फेकू नये'कडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं.

वेलांटीबाईनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. आवाज आला नाही. पक्षी आला, आयांचं बोलणं आलं, रस्त्यावरची गाडी आली. तिनं ओढून आणला नाही. ओढला तर आपलाच निघेल हे तिला माहीत होतं. बराच वेळ काहीच नाही. मग आला तो तळहाताचा आवाज, गवतावर आपटलेला, खडबडीत, रंगानं वाळलेल्या चामड्याचा. त्याच्या पाठोपाठ छातीतली ती बारीक घरघर, उतार चढून-उतरून आल्यावरची, जी ती साफ विसरली होती. शब्द अजून लांब होता. पण घरघर आली म्हणजे तो वाटेत होता. एखाद्यानं जिन्यावर पाऊल टाकावं आणि आपण दाराकडं बघत बसावं, तशी ती बसून राहिली. एका तासात माणूस येत नाही. दोन वर्षांचं अंतर आहे.

वॉचमनचा फोन वाजला. "हो साहेब. बघतो साहेब." तो शिडीवर चढला. वेलांटीबाईनं डोळे उघडले. तिला वर चढायची गरज नव्हती. पांढऱ्याची चकाकी मरून तो मऊ दिसायला लागला होता, म्हणजे वाळून पंधरा मिनिटं झाली होती. आंधळ्यालाही कळलं असतं. वॉचमननं बोट टेकवलं. बोट कोरडं ठणठणीत निघालं. त्यानं ते पँटला पुसलं, चांगलं दोनदा पुसलं, आणि फोनमध्ये म्हणाला, "ओला आहे साहेब. चिकटतोय. तळ्याकाठची हवा ना, दमट."

बत्तीस वर्षांत वेलांटीबाईसमोर रंगाबद्दल खोटं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. ती उठायला गेली, तोंड उघडलं.

"वहिनी," नणंद दातांतून म्हणाली, "एकदा तरी दुसऱ्याची वेलांटी सुधारू नका."

तोंड मिटलं. बाई पुन्हा बसली. वॉचमन शिडीवरून उतरला आणि तिच्याकडं न बघता पाण्याच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला. त्यानं हळूच एक बूट काढला, मग दुसरा.

अजून दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा रंग ओलाच निघाला. सावली तिच्या पायांवरून पुढं सरकली, तळ्यापर्यंत गेली. मग सूर्य पंपघराच्या छपराला टेकला आणि वेलांटीबाई उठली. अर्धं वाक्य टांगून घरी जाणं तिच्यानं झालं नसतं, कुणी कितीही गोड म्हणो. शिडीवर चढून तिनं सुतळी ताणली, रेघ पाडली, आणि 'नये' लिहिलं. बसूच्या शेजारी दोन्ही अक्षरं जराशी अंग चोरून, पण डौलात बसवली, श्वास रोखून वरची रेघ जोडली. मग बोर्ड उलटा वाचला. चूक नव्हती.

माणसं उठायला लागली होती. बोर्डामुळं नव्हे, दिवस मावळत होता म्हणून. औषधवाला मोजे घालत होता. वॉचमननं शिडी धरली होती.

"झालं?"

"झालं."

"मग उद्यापासून मला शिट्टी वाजवावी लागणार." त्यानं गळ्यातली शिट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "तुम्ही बसलात तरी."

"वाजवा. काम आहे तुमचं."

तो थोडा घुटमळला. "बाकीच्या बोर्डांत काही राहिलं नाही ना, बाई? नाही, एकदा चूक निघाली म्हणून विचारतो."

"माझ्या बोर्डांत?" तिची मान सवयीनं ताठ झाली. ती आणखी काही बोलणार होती, पण तिची नजर उताराच्या मध्यावरच्या बोर्डावर गेली. येथे खेळू नये. सातपैकी सगळ्यात सुरेख तोच उतरला होता. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. नणंद डबे गोळा करता करता थांबली.

"तो ळ," वेलांटीबाई म्हणाली.

"काय झालं त्याला?"

"उजवी गाठ बारीक आलीय." तिनं घसा साफ केला. पुढचं वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आणि आता उच्चारत होती तर ते खोटं होतं. "चुकलंय माझं. पूर्ण अक्षर घालवून नव्यानं काढावं लागेल. उद्या चारला येते. उन्हातच वाळायला हवा तो."

वॉचमननं ळ कडं पाहिलं, डोळे बारीक केले, मान हलवली. "बारीकच आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "सांगतो साहेबांना. आणि परवा?"

"परवाचं परवा बघू," वेलांटीबाई शिडी खांद्यावर घेत म्हणाली. "आठ बोर्ड आहेत."